जनरल मोटर्स युनियनने बुडवली नाही

कामगार कायद्यांचा विषय निघाला की आपल्याकडे डेट्रॉइटच्या जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीचं उदाहरण हमखास पुढे येतं. चार श्रमसंहितांची चर्चा असो, कंत्राटी कामगारांचा प्रश्न असो की एखाद्या औद्योगिक पट्ट्यातला संप असो, कुणीतरी म्हणतंच, ‘डेट्रॉइटचं काय झालं ते बघा, जगातली सगळ्यात मोठी कंपनी युनियनने खाल्ली.’ त्यावर उत्तर ठरलेलं असतं, ‘युनियनने नाही, भांडवलदारांच्या हावेने खाल्ली.’ वाद तिथेच अडतो, कारण कंपनीच्या इतिहासात दोघांनाही रस नसतो. प्रत्येकाला आपल्या ठरलेल्या मतासाठी साक्षीदार हवा असतो. माझं म्हणणं असं की २००९च्या दिवाळखोरीत पेन्शन आणि आरोग्यविम्याच्या बोज्याचा वाटा होता, पण मूळ दुखणं ते नव्हे. कंपनी त्याआधी तीस-चाळीस वर्षं आतून पोखरली जात होती, कारण वाईट बातमी खालून वर जाण्याची वाट बुजली होती. गाडीत काय चुकतंय हे जुळणीच्या लाइनवरच्या कामगाराला, चाचणी घेणाऱ्या इंजिनिअरला, डीलरच्या मेकॅनिकला कळत होतं. निर्णय घेणाऱ्यांपर्यंत ते पोचत नव्हतं, आणि पोचलं तरी त्यावरून निर्णय बदलत नव्हता.

ही कंपनी सुरुवातीपासून अशी होती का? मुळीच नाही. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरातले घोडागाड्यांचे कारखानदार विल्यम ड्युरंट यांनी १६ सप्टेंबर १९०८ला तिची स्थापना केली. ब्युइक हाताशी होतीच. वर्षभरात ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलंड आणि सुट्या भागांच्या कितीतरी कंपन्या त्यांनी विकत घेतल्या. १९१०मध्ये कर्ज अंगावर आलं आणि बँकांनी त्यांना बाजूला केलं. लुई शेव्हरोलेंबरोबर शेव्हरोले ही नवी कंपनी काढून, तिच्या जोरावर ते १९१६मध्ये परत आले आणि १९२०च्या मंदीत पुन्हा गेले. मागे उरलेल्या पसाऱ्यात कोणाकडे किती माल पडून आहे हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. १९२३मध्ये अध्यक्ष झालेले आल्फ्रेड स्लोन मूळचे बेअरिंगच्या धंद्यातले. गाडी बनवण्याचे निर्णय त्यांनी विभागांकडे, म्हणजे ब्युइक, शेव्हरोले अशा ब्रँडांकडे ठेवले आणि पैसा, साठा व मागणी यांचा हिशेब केंद्राकडे घेतला. पुस्तकांमधून बहुधा एवढंच शिकवलं जातं, पण त्या रचनेत जीव कशाने होता ते १९२४च्या एका दौऱ्यात दिसतं. मुख्यालयातले आकडे सगळं ठीक असल्याचं सांगत होते. स्लोन सेंट लुईस, कॅन्सस सिटी आणि लॉस एंजेलिसच्या डीलरांकडे गेले, तिथे न विकल्या गेलेल्या गाड्यांच्या रांगा त्यांनी स्वतः पाहिल्या आणि उत्पादन ताबडतोब कापायला लावलं. डीलरांकडून दर दहा दिवसांनी विक्रीचे आकडे मागवण्याची शिस्त याच काळात बसली.

त्याच्या आदल्या वर्षाचं उदाहरण मला अधिक बोलकं वाटतं. चार्ल्स केटरिंग हे कंपनीचे सर्वांत मानाचे संशोधक. हॅण्डल मारून गाडी सुरू करण्याच्या जाचातून ज्या विजेच्या स्टार्टरने सुटका केली, आणि जो १९१२च्या कॅडिलॅकमध्ये पहिल्यांदा बसला, तो त्यांचाच. त्यांनी सिलिंडरभोवती तांब्याच्या पट्ट्या लावून हवेने थंड होणारं इंजिन तयार केलं. ना रेडिएटर, ना पाणी. स्लोन यांच्याआधीचे अध्यक्ष पिएर ड्यू पाँट या इंजिनाच्या ठाम बाजूचे होते. विभागांतले इंजिनिअर मात्र सांगत राहिले की इंजिन तापलं की ताकद जाते आणि ठिणगीच्या आधीच पेट घेतं. १९२३मध्ये शेव्हरोलेच्या अशा काही शे गाड्या बनल्या, त्यातल्या सुमारे १०० ग्राहकांच्या हाती गेल्या, आणि त्या सगळ्या परत बोलावून प्रकल्प थांबवला गेला. अध्यक्षाची पसंती आणि केटरिंग यांचं नाव एका पारड्यात, विभागाच्या इंजिनिअरचं ‘नाही’ दुसऱ्या पारड्यात, आणि ‘नाही’चं पारडं जड ठरलं. त्याच काळात फोर्डमध्ये नेमकं उलटं चाललं होतं. मॉडेल टी आता जुनी झाली आहे असं सहा पानी टिपण कंपनीचे अधिकारी अर्नेस्ट कॅन्झलर यांनी १९२६च्या जानेवारीत हेन्री फोर्ड यांना दिलं आणि काही महिन्यांत त्यांना कंपनी सोडावी लागली. १९२७मध्ये मॉडेल टी बंद करावीच लागली आणि त्या वर्षी शेव्हरोले फोर्डच्या पुढे गेली. जनरल मोटर्सला पुढे जो रोग जडला, तो आधी फोर्डला झाला होता, आणि त्याचा फायदा जनरल मोटर्सनेच उचलला होता.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते पोकळ नाहीत. १९३६-३७च्या हिवाळ्यात फ्लिंटच्या कामगारांनी ४४ दिवस कारखान्यात ठाण मांडून युनियनला मान्यता मिळवली. १९४८मध्ये महागाईशी जोडलेली पगारवाढ आली आणि १९५०मध्ये युनियनचे अध्यक्ष वॉल्टर रूथर यांच्या नेतृत्वाखाली पाच वर्षांचा करार झाला, त्यात पेन्शन आणि आरोग्यविमा आला. १९७०च्या ६७ दिवसांच्या संपानंतर तीस वर्षं नोकरी केली की पेन्शन हे तत्त्व मान्य झालं. १९८४पासून ‘जॉब्ज बँक’ आली, म्हणजे काम नसलेल्या कामगारालाही जवळजवळ पूर्ण पगार. २००५च्या सुमाराला कंपनी सांगत होती की दर गाडीमागे सुमारे १,५०० डॉलर नुसते आरोग्यखर्चात जातात. दक्षिणेकडच्या राज्यांत नवे कारखाने काढलेल्या जपानी कंपन्यांकडे तरुण कामगार होते आणि निवृत्तांची फौज नव्हती. एवढ्या ओझ्याने कुठलीही कंपनी वाकेल, यात शंका नाही.

पण हा १,५०० डॉलरचा आकडा येतो कुठून? तो भागाकार आहे. वर कामगारांचा आणि निवृत्तांचा आरोग्यखर्च, खाली विकलेल्या गाड्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांपैकी एक जनरल मोटर्सची असे. २००८मध्ये हा हिस्सा २२ टक्क्यांवर आला होता. जुना हिस्सा टिकला असता तर छेद दुपटीच्या आसपास असता आणि दर गाडीचा बोजा आपोआप जवळपास निम्मा, मग युनियनने एक पैसा कमी घेतलेला नसला तरी. म्हणजे खरा प्रश्न ग्राहक का गेले हा आहे. दुसरी गोष्ट, ही व्यवस्था कंपनीवर एकतर्फी लादली गेली नव्हती. युनियन राष्ट्रीय आरोग्यविम्याच्या बाजूची होती. तो होत नाही म्हटल्यावर कंपनीगणिक करार झाले, आणि पाच वर्षं निर्धास्त उत्पादनाच्या बदल्यात कंपनीला ते परवडत होते. निवृत्तांच्या आरोग्यखर्चासाठी मात्र वेळच्या वेळी पैसा बाजूला काढला गेला नाही, तो वर्षाच्या मिळकतीतून भागवला जाई. १९९२मध्ये हिशेबाच्या नव्या नियमाने ही देणी ताळेबंदात दाखवणं भाग पडलं, तेव्हा त्या एका वर्षाचा तोटा २३.५ अब्ज डॉलर झाला. पुढच्या पिढीवर खर्च ढकलण्याचा हा निर्णय वित्त विभागाचा होता, लाइनवरच्या माणसाचा नव्हे.

आणि फोर्डचं काय? तीच युनियन, जवळपास तेच करार, तेच राज्य. फोर्ड दिवाळखोरीत गेली नाही. तिचं नशीब चांगलं होतं हे खरं: २००६च्या अखेरीस, कर्जाचा बाजार आटण्याआधी, जवळजवळ सगळी मालमत्ता गहाण ठेवून तिने २३.६ अब्ज डॉलर उभे केले होते. पण नुसत्या पैशाने कंपनी सावरली नाही. फोर्डचे प्रमुख अ‍ॅलन मुलाली यांनी दर आठवड्याच्या बैठकीत प्रत्येक प्रकल्पाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायला लावला. कंपनी अब्जावधींच्या तोट्यात आणि सगळे तक्ते हिरवे, असं काही आठवडे चाललं. मग वरिष्ठ अधिकारी मार्क फील्ड्स यांनी कॅनडातल्या एका नव्या गाडीच्या मागच्या दरवाज्याच्या अडचणीमुळे लाल रंग दाखवला. खोली गप्प झाली आणि मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या. अडचण सोडवायला इतर विभागांनी माणसं देऊ केली. पुढच्या बैठकांमध्ये लाल-पिवळे रंग दिसू लागले.

युनियनचा दोष किती हे तपासायला इतिहासाने एक प्रयोगच करून ठेवला आहे, आणि या वादात त्याचा उल्लेख इतका कमी होतो याचं मला वाईट वाटतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना कंपनीत बदनाम होता. रोजची गैरहजेरी अनेकदा २० टक्क्यांच्या वर, तक्रारींचा ढीग, बेकायदा संप. १९८२मध्ये तो बंद केला गेला. १९८४मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू झाला. इमारत तीच, युनियन तीच, कामगारांतले बहुतेक जुनेच. व्यवस्थापन मात्र टोयोटाचं. शेकडो कामगारांना प्रशिक्षणासाठी जपानला नेलं गेलं. पूर्वी लाइन थांबवणं हा गुन्हा होता, सदोष गाडी तशीच पुढे जाई आणि शेवटी आवारात दुरुस्तीला उभी राही. आता प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी आली. बोल्टचे आटे बसत नाहीत, पत्रा जुळत नाही, की दोरी ओढायची. गटप्रमुख धावत येतो, गाडी त्या टप्प्याच्या शेवटाला पोचेपर्यंत अडचण सुटली तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. गैरहजेरी काही टक्क्यांवर आली. एमआयटीच्या संशोधकांनी १९८६-८७मध्ये मोजमाप केलं तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात एका गाडीच्या जुळणीला ३१ तास लागत आणि १०० गाड्यांमागे १३० दोष निघत. फ्रीमाँटला १९ तास आणि ४५ दोष. जपानमधल्या टोयोटाच्या ताकाओका कारखान्यातही दोष ४५च होते.

यावर सगळ्यात चांगला आक्षेप असा आहे की दोन वर्षं बेकार राहिलेला माणूस मुकाट्याने काम करणारच, ही टोयोटाची जादू नसून भीतीचा परिणाम होता. भीती होती, हे मान्य. पण लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइजच्या कारखान्यावरही बंद पडण्याची टांगती तलवार होती. तिथे टोयोटाची गटपद्धत आणायचा प्रयत्न झाला आणि तरीही दर्जा सुधारला नाही. १९९२मध्ये तो बंद झाला. भीतीने दर्जा येत असता तर तिथेही आला असता. जिथे मॅनेजरचं मोल रोज किती गाड्या बाहेर पडल्या यावर ठरतं, तिथे दोरी ओढणारा माणूस अडथळा ठरतो, मग दोरी टांगलेली असो वा नसो.

लाइन जितकी लंगडत होती, तितकीच डिझाइनची खोलीही. १९७०च्या शेव्हरोले व्हेगाचं उदाहरण घ्या. जपानी आणि जर्मन छोट्या गाड्यांना उत्तर म्हणून ती मुख्यालयात आखली गेली आणि शेव्हरोलेच्या हाती सोपवली गेली, म्हणजे १९२३च्या धड्याच्या नेमकं उलट. इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यात १७ टक्के सिलिकॉन, आणि सिलिंडरला लोखंडी लायनर, म्हणजे आतली नळी, नाहीत. वर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, मात्र बिडाचं. रेडिएटर लहान. पाणी थोडं कमी झालं की इंजिन तापे, दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावत, हेड गास्केट (झाकणाखालचं सील) जाई, सिलिंडरच्या भिंती ओरखडत आणि गाडी ऑइल खाऊ लागे. गंजरोधक द्रावणात बॉडी बुडवताना पुढच्या मडगार्डच्या वरच्या टोकाला हवा अडकून राही, तो भाग कोरडाच बाहेर येई आणि काही हिवाळ्यांत पत्रा आरपार सडे. ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनला तासाला १०० गाड्यांचा वेग ठरवला होता, म्हणजे एका गाडीला ३६ सेकंद. १९७२मध्ये तिथे संप झाला आणि वृत्तपत्रांनी ‘नव्या पिढीच्या आळशी कामगारां’वर पानं भरली. सिलिंडरला लायनर न बसवण्याचा निर्णय त्या कामगारांनी घेतला होता का?

१९७८च्या ओल्ड्समोबिल डिझेलची गोष्ट तर कुठल्याही गॅरेजवाल्याला ऐकताक्षणी समजेल. डिझेलचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचं प्रमाण, २२.५ला १, पेट्रोल इंजिनाच्या अडीच पटींहून जास्त. ब्लॉक जाड केला, पण पेट्रोल इंजिनाचीच यंत्रसामग्री वापरता यावी म्हणून हेडच्या बोल्टची मांडणी तीच ठेवली, दर हेडला १० बोल्ट. दाबाने बोल्ट ताणले जात, गास्केट सुटे, पाणी सिलिंडरमध्ये उतरे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाके. त्यात इंधनातलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर बसवलाच नव्हता, म्हणून इंजेक्शन पंप आतून गंजत. डीलरकडच्या मेकॅनिकला डिझेलचं पुरेसं शिक्षण नव्हतं, तो गास्केट बदलून ताणलेले जुनेच बोल्ट परत आवळून देई, आणि काही महिन्यांत तीच गाडी दारात उभी. चार जास्तीचे बोल्ट आणि एक सेपरेटर वाचवण्यापायी अमेरिकी ग्राहकाचा डिझेल गाडीवरचा विश्वास एका पिढीपुरता गेला.

ऐंशीच्या दशकात कंपनीचे प्रमुख रॉजर स्मिथ यांनी रोबोंवर अब्जावधी डॉलर ओतले, १९८४मध्ये विभागांची पुनर्रचना करून स्लोनकालीन स्वायत्ततेचं उरलंसुरलं मोडलं, आणि शेव्हरोलेच्या कॅव्हेलियरवर कॅडिलॅकचं चिन्ह चढवून ती सिमरॉन नावाने जवळपास दुप्पट किमतीला विकली. ग्राहकाला ते कळलं. यावर जास्त शब्द खर्च करण्याची गरज नाही.

इग्निशन स्विचवर मात्र करायला हवेत, कारण तिथे माणसं मेली. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांत किल्ली फिरवायला किमान १५ न्यूटन-सेंटिमीटर जोर लागावा असं कंपनीचंच मानक होतं. पुरवठादाराचा स्विच त्याहून सैल होता आणि तरी तो मंजूर झाला. जड किल्ल्यांचा जुडगा किंवा गुडघ्याचा धक्का लागला की किल्ली मागे सरके, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई, आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडत नसत. २००१मध्ये चाचण्यांतच हा दोष दिसला होता. २००६मध्ये स्विचच्या आतली स्प्रिंग आणि दट्ट्या लांब करून दोष गुपचूप दुरुस्त केला गेला, पण भागाचा क्रमांक बदलला नाही. त्यामुळे जुन्या गाड्यांत एअरबॅग उघडत नाहीत आणि नव्यांत उघडतात, याचं कारण तपास करणाऱ्यांनाच वर्षानुवर्षं सापडेना. गाड्या परत बोलावल्या गेल्या २०१४मध्ये. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. कंपनीने नेमलेल्या वकिलांच्या चौकशी अहवालात बैठकांच्या दोन सवयी नोंदल्या आहेत: कृती ठरते, सगळे मान डोलावतात आणि बाहेर पडून कुणीच काही करत नाही; आणि हातांची घडी घालून दोन्हीकडे बोट दाखवायचं, जबाबदारी शेजारच्याची. या अख्ख्या प्रकरणात युनियन कुठे आहे?

आपल्याकडचा भागही याच धाग्यातला. १९२८मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू करणारी ही कंपनी १९५०च्या दशकात गेली आणि १९९०च्या दशकात परतली. २००८मध्ये तळेगावचा कारखाना सुरू झाला. २०१३मध्ये १ लाख १४ हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या, कारण उत्सर्जनाच्या तपासणीसाठी कमी धूर सोडणारी इंजिनं निवडून बसवली जात होती. २०१७मध्ये भारतातली विक्री थांबली, डिसेंबर २०२०मध्ये तळेगावचं उत्पादन थांबलं, आणि लगेच इथल्या कामगार कायद्यांवर खापर फुटलं. पण त्याच २०१७मध्ये जनरल मोटर्सने युरोपातली ओपल विकली, ऑस्ट्रेलियातलं उत्पादन बंद केलं आणि दक्षिण आफ्रिका सोडली. चारही ठिकाणचे कामगार कायदे वेगळे. आणि २०२३मध्ये ह्युंदाईने तळेगावचा तोच कारखाना, त्याच कायद्यांखाली, विकत घेण्याचा करार केला.

आजची जनरल मोटर्स तीच आहे का? मेरी बारा २०१४मध्ये प्रमुख झाल्या त्या स्विचचं संकट डोक्यावर घेऊनच. शेव्हरोले बोल्ट या विजेवरच्या गाडीच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा आधी २०२०च्या नोव्हेंबरात सॉफ्टवेअरने चार्जिंग ९० टक्क्यांवर रोखलं गेलं. तो उपाय केलेल्या गाड्याही जळाल्या. मग शोध लागला की फाटलेला अ‍ॅनोड टॅब (ऋण टोकाची पट्टी) आणि दुमडलेला सेपरेटर (दोन टोकांमधला पडदा) बॅटरीच्या एकाच सेलमध्ये आले की आग लागते, आणि ऑगस्ट २०२१मध्ये सगळ्याच, सुमारे १ लाख ४० हजार, गाड्या परत बोलावल्या गेल्या. स्विचला तेरा वर्षं लागली होती, इथे नऊ महिने. खर्च सुमारे २ अब्ज डॉलर, म्हणजे गाडीमागे सुमारे १४ हजार डॉलर, आणि त्यातला बराचसा बॅटरी पुरवणाऱ्या एलजीकडून वसूल झाला. दोनच वर्षांनी, २०२३च्या शरदात, युनियनने संप करून साडेचार वर्षांत २५ टक्के पगारवाढ मिळवली. कंपनीच्याच हिशेबाने त्या करारांचा बोजा गाडीमागे सरासरी ५७५ डॉलर. करारावर मतदान झालं त्याच महिन्यात तिने स्वतःचे १० अब्ज डॉलरचे शेअर परत विकत घेण्याची घोषणा केली.